यीस्टची रोटी कधी फुगते, कधी फुगत नाही: दोष कुठे आणि तो कसा शोधावा

यीस्ट घालून केलेली रोटी घरी भाजणाऱ्यांची एक तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते. प्रमाण तेच, मैदा तोच, यीस्टचे पाकीटही तेच. तरी एके दिवशी रोट्या टम्म फुगतात, त्यांचे दोन पदर अलगद सुटतात आणि त्या तासाभराने सुद्धा मऊ राहतात, तर दुसऱ्या दिवशी त्याच रोट्या ओव्हनमध्ये नुसत्या पडून राहतात, कडेने कडक होतात आणि निवल्यावर वातड लागतात. अशा वेळी पहिला संशय यीस्टवर जातो. पाकीट बदलले जाते, यीस्टचे प्रमाण वाढवले जाते, पीठ आणखी तासभर झाकून ठेवले जाते आणि तरीही पुढच्या खेपेस काय होईल याचा भरवसा नसतो. माझ्या मते बहुतेक वेळा हा दोष यीस्टचा नसून उष्णतेचा असतो. एक तर मळलेल्या पिठाच्या तापमानाकडे कोणी पाहिलेले नसते, किंवा रोटी ज्या पृष्ठभागावर टाकली तो पुरेसा तापलेला नसतो. या दोन्ही गोष्टी मोजता येतात आणि त्यासाठी फार खटाटोप करावा लागत नाही.

येथे रोटी म्हणताना पिटा, नान आणि त्यांसारख्या यीस्टने आंबवलेल्या, लाटल्यावर चार ते सहा मिलिमीटर जाडीच्या सर्व चपट्या प्रकारांचा विचार केला आहे.

रोटी फुगते ती कशामुळे

पिठातले यीस्ट साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड वायू आणि थोडा अल्कोहोल तयार करते. हा वायू लहान लहान बुडबुड्यांच्या रूपाने ग्लुटेनच्या जाळ्यात अडकून बसतो आणि त्यामुळे रोटी आतून जाळीदार व हलकी होते, तिला चव येते. परंतु रोटीचे वरचे आणि खालचे अंग एकमेकांपासून सुटून मध्ये पोकळी तयार होते ती मुख्यतः वाफेच्या जोरावर. पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या सुमारे १,६०० ते १,७०० पट जागा व्यापते. रोटी अतिशय तापलेल्या पृष्ठभागावर पडली की तिचे दोन्ही बाजूंचे पातळ थर काही सेकंदांत शिजून घट्ट होतात, आतला भाग मात्र अजून ओला असतो. त्या ओल्या भागात एकदम तयार झालेल्या वाफेला बाहेर पडायला वाट मिळत नाही, म्हणून ती मधल्या सर्वांत कमकुवत पातळीवर रोटीला फाडते आणि दोन पदर होतात. यीस्ट अजिबात न घातलेली पातळ रोटी सुद्धा कडक आचेवर फुगते, हा याचा सरळ पुरावा आहे.

हे एकदा लक्षात घेतले की तक्रारीचे दोन भाग पडतात. रोटी फुगत नसेल तर आधी धग, लाटणे आणि पृष्ठभागाचा ओलावा यांकडे पाहावे. रोटी फुगते, पण आतून गच्च, चिकट किंवा बेचव असेल, तर पिठाकडे आणि ते किती आंबले याकडे पाहावे. या दोन प्रश्नांची सरमिसळ झाली की माणूस धगीचा दोष यीस्ट वाढवून काढायला जातो, आणि मग एकाच्या जागी दोन दोष होतात.

दोन रोट्यांची पारख

दोष कोणत्या बाजूला आहे हे ठरवण्यासाठी एक साधी पारख आहे आणि ती मी सर्वांत आधी करायला सांगेन. एकाच पिठाचे, एकाच वजनाचे दोन उंडे घ्यावेत आणि ते एकाच वेळी, एकाच जाडीचे लाटावेत. ओव्हन नेहमीप्रमाणे तापवून पहिली रोटी तुमच्या नेहमीच्या पद्धतीने भाजावी. दुसरी रोटी ओलसर फडक्याखाली झाकून ठेवावी, ओव्हन शक्य तितक्या जास्त तापमानावर नेऊन, आतला दगड किंवा जड लोखंडी तवा निदान पाऊण तास तापू द्यावा आणि मग ती त्यावर टाकावी. दुसरी रोटी फुगली आणि पहिली फुगली नसेल, तर पीठ निर्दोष आहे आणि उरलेले सगळे प्रयत्न धगीवर करावेत. दोन्ही सपाट राहिल्या, तर पीठ, लाटणे किंवा रोटीची सुकलेली पाठ यांपैकी काहीतरी बिघडले आहे. पाऊण तासात दुसरी रोटी पहिलीपेक्षा थोडी अधिक आंबलेली असते हे खरे; म्हणून ही पारख थंड जागी करावी किंवा दुसरी रोटी मधल्या वेळात उंड्याच्या रूपातच फ्रिजमध्ये ठेवून शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत लाटावी.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी हा नियम येथे काटेकोरपणे पाळायला हवा. पाणीही वाढवले, यीस्टही बदलले आणि तापमानही चढवले, तर रोटी सुधारली तरी ती कशाने सुधारली हे कळत नाही आणि पुढच्या महिन्यात तोच प्रश्न पुन्हा समोर येतो.

भट्टीची धग

घरगुती ओव्हनचा दिवा विझला किंवा घंटा वाजली म्हणजे आतली हवा ठरवलेल्या तापमानाला पोहोचली, एवढाच त्याचा अर्थ असतो. आत ठेवलेला दगड, पोलादी पाट किंवा उलटा ठेवलेला जड ट्रे तेव्हा बराच थंड असतो, कारण जाड वस्तू तापायला हवेपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. हवा २५० अंश सेल्सिअस आणि दगड १५० अंश, अशा स्थितीत टाकलेली रोटी हळूहळू शिजते. तिच्यातले पाणी एकदम वाफ न होता सावकाश उडून जाते, दोन्ही पृष्ठभाग घट्ट होईपर्यंत आतला भागही शिजून जातो आणि पदर सुटायला जागाच उरत नाही. अशी रोटी सात-आठ मिनिटे आत राहते, फिकट दिसते म्हणून आणखी दोन मिनिटे ठेवली जाते आणि बाहेर येते ती बिस्किटासारखी. कडकपणाच्या बहुतेक तक्रारी येथे संपतात: रोटी जास्त आचेने कडक होत नाही, ती जास्त वेळाने कडक होते.

घरी गाठता येईल ते सर्वाधिक तापमान ठेवावे. बहुतेक घरगुती ओव्हनमध्ये ते २३० ते २५० अंश असते. दगड असेल तर ४५ ते ६० मिनिटे, पोलादी पाट असेल तर साधारण तेवढाच वेळ, आणि उलटा ट्रे असेल तर निदान २० मिनिटे तापवावा. पोलाद दगडापेक्षा उष्णता फार लवकर रोटीत सोडते, म्हणून कमी तापमानाच्या ओव्हनमध्ये पोलादी पाट किंवा जाड बिडाचा तवा अधिक उपयोगी पडतो. खालची आणि वरची अशा दोन्ही कांड्या चालू ठेवाव्यात. तापलेल्या दगडावर थंड पाणी पडू देऊ नये, तो तडकतो. ओव्हनच्या दाराच्या काचेवरही पाण्याचे शिंतोडे जाऊ देऊ नयेत.

ओव्हनच्या खटक्यावर लिहिलेला आकडा आणि आतले खरे तापमान यांत १० ते २५ अंशांचा फरक सहज असू शकतो. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर हे या कामातले सर्वांत उपयोगी उपकरण आहे आणि मी ते महागड्या मिक्सरच्या आधी घ्यायला सांगेन. आपला ओव्हन २५० वर ठेवला असता प्रत्यक्षात २२५ च दाखवतो, हे एकदा समजले की कित्येक अपयशांचा उलगडा होतो.

धग योग्य असेल तर काय दिसते हे दाराच्या काचेतून पाहण्यासारखे असते. रोटी टाकल्यावर सुरुवातीला तिच्यात काहीच हालचाल दिसत नाही. मग पाठीवरची ओली चकाकी जाऊन ती मंद, कोरडी दिसू लागते आणि कडेच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढे दोन-तीन फुगे उठतात. हे फुगे एकमेकांकडे सरकतात, एकमेकांत मिसळतात आणि मग काही सेकंदांत सगळी रोटी एकदम वर उचलली जाते. हे सगळे साधारण दोन मिनिटांच्या आत घडायला हवे आणि तीन ते चार मिनिटांत रोटी बाहेर यायला हवी. फुगे उठून तिथेच थांबले आणि दोन मिनिटांनंतरही एकत्र आले नाहीत, तर पृष्ठभाग कमी तापला आहे असे समजावे.

आणखी एक प्रकार वारंवार घडतो: पहिल्या दोन रोट्या उत्तम होतात आणि पुढच्या बिघडत जातात. दर वेळी दार उघडले की हवेची उष्णता जाते आणि ओल्या रोटीने दगडाचीही उष्णता शोषलेली असते. म्हणून दोन खेपांच्या मध्ये तीन-चार मिनिटे थांबावे, दार झटपट बंद करावे आणि ओव्हन लहान असेल तर एका वेळी एकच रोटी भाजावी. पीठ तेच असताना चौथी रोटी बिघडते तेव्हा यीस्टला दोष देण्यात काही अर्थ नसतो.

तव्यावर भाजणाऱ्यांना तापमान ओळखण्याची एक जुनी खूण उपयोगी पडते. तव्यावर पाण्याचा थेंब टाकला असता तो फसफसून लगेच आटला तर तवा अजून कमी तापलेला आहे. थेंब गोळी होऊन तव्यावर पळू लागला तर तवा २०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापला आहे. थेंबाखाली वाफेची पातळ गादी तयार झाल्याने तो असा तरंगतो आणि जर्मन वैद्य योहान लायडेनफ्रॉस्ट याने १७५६ साली या प्रकाराचे सविस्तर वर्णन केले, म्हणून तो त्याच्या नावाने ओळखला जातो. तवा जाड आणि जड असावा. पातळ तव्यावर पहिली रोटी पडताच तापमान इतके घसरते की पुढे आच वाढवून ते सावरत नाही, उलट मध्यभागी रोटी करपते आणि कडेने कच्ची राहते. तव्यावर पहिली बाजू फक्त फुगे दिसेपर्यंत, म्हणजे अर्ध्या-पाऊण मिनिटापर्यंत ठेवावी, मग उलटून दुसरी बाजू पूर्ण भाजावी. पहिली बाजू फार वेळ ठेवली की ती कडक होऊन फुगण्याला विरोध करते.

पिठाचे तापमान

आता पिठाकडे. उन्हाळ्यात पीठ फसफसून आंबट होते आणि थंडीत ते तासन्‌तास तसेच पडून राहते, हा अनुभव सर्वांनाच आहे, पण त्यावरचा उपाय वेळ बदलण्यात शोधला जातो. पिठातले यीस्ट घड्याळ पाहत नाही. तापमान आठ-दहा अंशांनी वाढले की आंबण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो, म्हणून ‘एक तास झाकून ठेवा’ ही सूचना २० अंशांच्या खोलीत अपुरी आणि ३५ अंशांच्या खोलीत घातक ठरते. मळून झाल्यावर पिठाचे तापमान २५ ते २७ अंश असेल, तर तेच पीठ वर्षभर जवळजवळ सारखे वागते.

ते साधण्याची किल्ली पाण्याच्या तापमानात आहे, कारण खोली आणि मैदा यांचे तापमान आपल्या हातात नसते, पाण्याचे असते. हव्या असलेल्या तापमानाला तीनने गुणावे आणि त्यातून खोलीचे तापमान, मैद्याचे तापमान व मळताना घर्षणाने वाढणारे अंश वजा करावेत. हाताने मळताना हे घर्षणाचे अंश साधारण दोन-तीन धरावेत, यंत्राने मळल्यास ते बरेच जास्त होतात. समजा पीठ २६ अंशांचे हवे आहे, खोली ३२ अंशांवर आहे आणि मैदा ३१ अंशांवर. ७८ मधून ३२, ३१ आणि २ वजा केले की १३ उरतात, म्हणजे फ्रिजमधले थंड पाणी घ्यायला हवे. थंडीत खोली १८ आणि मैदा १७ अंशांवर असेल, तर हेच गणित ४१ अंशांचे, म्हणजे चांगले कोमट पाणी सांगते. ‘यीस्टसाठी कोमट पाणी’ हे वाक्य कृतीत वाचून भर उन्हाळ्यात ४० अंशांचे पाणी घालणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे पीठ मळून होताच ३४-३५ अंशांवर गेलेले असते. ते वेगाने फुगते, सगळ्यांना आनंद होतो, आणि लाटायची वेळ येईपर्यंत त्यातला दम निघून गेलेला असतो.

इन्स्टंट यीस्ट सरळ कोरड्या मैद्यात मिसळता येते, त्यामुळे थंड पाणी वापरले तरी अडचण येत नाही. फक्त थंड पाणी थेट यीस्टवर ओतू नये, ते आधी मैद्यात मिसळावे. दाणेदार ॲक्टिव्ह ड्राय यीस्टची गोष्ट वेगळी आहे. ते ३८ ते ४३ अंशांच्या थोड्याशा पाण्यातच भिजवायला हवे, कारण थंड पाण्यात भिजवल्यास त्याच्या पेशींतून ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य बाहेर झिरपते आणि ते ग्लुटेनला सैल करते, त्यामुळे पीठ विनाकारण चिकट व ढिले होते. उन्हाळ्यात हे यीस्ट वापरताना ते भिजवण्यापुरते थोडे कोमट पाणी घ्यावे आणि उरलेले पाणी थंड घ्यावे.

पीठ पुरेसे आंबले हे ओळखण्यासाठी भांड्यातल्या गोळ्याकडे पाहून अंदाज बांधण्यापेक्षा एक सोपी सोय करावी. मळलेल्या पिठातून लिंबाएवढा गोळा काढून तो सरळ उभ्या काचेच्या लहान ग्लासात दाबून बसवावा, त्याची पातळी रबर लावून नोंदवावी आणि ग्लास मोठ्या भांड्याशेजारीच ठेवावा. ग्लासातले पीठ दुप्पट उंचीला आले की मोठा गोळाही तयार आहे. पसरट भांड्यात दुप्पट म्हणजे किती हे डोळ्यांना कळत नाही, ग्लासात ते चोख कळते.

जास्त आंबलेले पीठ ओळखायला शिकावे. ते हाताला चिकटते, ओढले की ताणले न जाता तुटते, त्याला आंबूस व दारूसारखा वास येतो आणि अशी रोटी पूर्ण भाजूनही फिकट दिसते. फिकटपणाचे कारण असे की यीस्टने पिठातली साखर संपवलेली असते. रोटीवरचा तांबूस रंग साखर आणि प्रथिने यांच्या, फ्रेंच रसायनतज्ज्ञ मेलार्ड याने १९१२ साली वर्णन केलेल्या, अभिक्रियेतून येतो आणि साखरच नसेल तर रंग येणार कुठून. असे पीठ फेकून देण्याची गरज नाही. ते पुढच्या खेपेच्या ताज्या पिठात त्याच्या पाचव्या हिश्शाइतके मिसळले तर रोटीला चांगली चव येते.

यीस्ट खरोखर मेले असेल तर

असे कधी कधी होते, विशेषतः उघडे पाकीट महिनोन्‌महिने गरम स्वयंपाकघरात राहिले असेल तर. अर्धा कप कोमट पाण्यात एक चमचा साखर आणि दोन चमचे यीस्ट घालून दहा मिनिटे ठेवावे. वर जाड फेसाचा थर आला तर यीस्ट जिवंत आहे. फेस आला नाही तर ते टाकून द्यावे, प्रमाण वाढवून चालवून नेऊ नये. उघडलेले पाकीट हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये किंवा फ्रीजरमध्ये ठेवावे. ५५ ते ६० अंशांना यीस्ट मरते, म्हणून उकळत्या पाण्यात गार पाणी मिसळून ‘अंदाजे’ कोमट करण्याची सवय सोडावी. यीस्टचा प्रकार बदलताना १ ग्रॅम इन्स्टंट यीस्टऐवजी साधारण १.२५ ग्रॅम ॲक्टिव्ह ड्राय किंवा ३ ग्रॅम ताजे यीस्ट घ्यावे.

प्रमाण, पाणी आणि मळणे

पारख करायला एक स्थिर प्रमाण हवे. ५०० ग्रॅम मैदा, ३१५ ग्रॅम पाणी, ९ ग्रॅम मीठ, ४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १० ग्रॅम साखर आणि १५ ग्रॅम तेल, एवढ्यात प्रत्येकी ८५ ग्रॅमचे दहा उंडे होतात. मला कपाने मोजलेल्या मैद्याचा भरवसा वाटत नाही, कारण तोच कप हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅम आणि दाबून भरला तर १५० ग्रॅम मैदा त्यात मावतो, आणि एवढ्या फरकाने पीठ कधी सैल, कधी दगडासारखे होते. वजनकाटा वापरावा.

घट्ट पिठाची रोटी फुगत नाही, कारण वाफ व्हायला त्यात पाणीच कमी असते. मळताना हाताला चिकटते म्हणून मुठी-मुठीने कोरडा मैदा घालत गेल्याने पीठ असे घट्ट होते. पीठ चिकटत असेल तर ते झाकून पंधरा मिनिटे सोडून द्यावे. मैदा पाणी शोषून घेतो, ग्लुटेन आपोआप जुळू लागते आणि पुन्हा मळायला घेतले की तेच पीठ हाताला गुळगुळीत लागते. मळून झाले की लहान तुकडा दोन्ही हातांच्या बोटांनी ताणून पाहावा. तो न फाटता इतका पातळ झाला की त्यातून उजेड दिसेल, तर मळणे पुरे झाले.

गव्हाची कणीक वापरणाऱ्यांनी पाणी वाढवायलाच हवे. कोंडा पाणी जास्त शोषतो आणि तो सावकाश शोषतो, शिवाय त्याचे कण ग्लुटेनच्या पडद्याला जागोजागी छेदतात. निम्मी कणीक घातली तर सुरुवातीला ५०० ग्रॅममागे २० ते ३० ग्रॅम पाणी वाढवून पाहावे आणि भिजवल्यावर अर्धा तास तसेच ठेवून मग मळावे. मीठ विसरले तर पीठ भराभर आंबते आणि ढिले पडते. हा दोष रोटी चाखल्यावर लगेच कळतो, पण लाटताना कळला तर जास्त बरे.

उंडे, लाटणे आणि झाकण

धग आणि पीठ दोन्ही ठीक असताना रोटी अर्धवट फुगत असेल, तर दोष लाटण्यात असतो. उंडे करून ते झाकून पंधरा-वीस मिनिटे विसावू द्यावेत. न विसावलेला उंडा लाटला की आखडतो, मग जोर लावला जातो, कडा पातळ होतात, मध्य जाड राहतो आणि वाफ पातळ बाजूने निसटते. उंडा आखडू लागला तर तो बाजूला ठेवून दुसरा घ्यावा आणि पाच मिनिटांनी त्याच्याकडे परत यावे. उंडा वळताना पडलेली चीर किंवा घडी नीट मिटवली नाही तर भाजताना रोटी तिथेच उघडते. लाटताना पिठी कमी वापरावी, कारण जास्तीची पिठी पाठीवर कोरडी राहते आणि तव्यावर जळून कडवट चव देते.

लाटलेल्या रोट्या भाजण्याआधी १५ ते ३० मिनिटे फडक्यावर ठेवाव्यात, परंतु त्या झाकलेल्या असायलाच हव्यात. पंख्याच्या वाऱ्याखाली उघडी राहिलेली रोटी दहा मिनिटांत वरून सुकते. बोट फिरवले तर मऊ कातड्याऐवजी कागदासारखा स्पर्श लागतो. ही सुकलेली पाठ ताणली जात नाही, तडकते, आणि त्या तड्यांतून वाफ निघून जाते. दोन्ही पदरांपैकी एक फार पातळ आणि दुसरा फार जाड होत असेल, तेव्हाही बहुधा एक बाजू सुकलेली असते किंवा वरची व खालची धग एकसारखी नसते. माझ्या मते धगीच्या खालोखाल सर्वांत जास्त रोट्या याच कारणाने बिघडतात. रोटी उचलून दगडावर टाकताना ती चिमटली गेली, नखाने टोचली गेली किंवा दुमडली गेली, तरी तिथून वाफ सुटते. ज्यांना नानसारखी न फुगणारी, मऊ, ठिपकेदार रोटी हवी असेल त्यांनी हाच दोष मुद्दाम वापरावा आणि भाजण्याआधी बोटांनी सगळीकडे खळगे पाडावेत.

बिघडलेली रोटी कापून पाहावी

सपाट राहिलेली रोटी टाकून देण्याआधी सुरीने मधून उभी कापावी आणि कापलेली कड उजेडात धरावी. आत बारीक, एकसारखी जाळी आहे, पण बाहेरचे कवच जाड व कोरडे आहे, तर पीठ उत्तम होते आणि धग कमी पडली. मध्यभागी ओलसर, करडी, दाबली तर परत न उठणारी रेघ दिसत असेल, तर रोटी जाड लाटली गेली किंवा पीठ पुरेसे आंबले नाही. एका बाजूला मोठी पोकळी आणि दुसऱ्या बाजूला गच्च भाग असेल, तर लाटणे असमान झाले. जाळी मोठी, वेडीवाकडी, भिंती पातळ आणि वास आंबूस असेल, तर पीठ जास्त आंबले. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि पुढच्या खेपेला काय बदलावे हे ती नेमके सांगते.

भाजल्यानंतरचा कडकपणा

ओव्हनमधून मऊ निघालेली रोटी अर्ध्या तासात कडक होत असेल, तर ती भाजल्यानंतर उघडी राहिली आहे. रोटी बाहेर काढताच स्वच्छ सुती फडक्यात गुंडाळावी आणि पुढच्या रोट्या तिच्यावर रचत जावे; त्यांचीच वाफ त्यांचे कवच मऊ करते. पंधरा-वीस मिनिटांनी, वाफ ओसरल्यावर, त्या हवाबंद डब्यात भराव्यात. गरम असताना प्लास्टिकच्या पिशवीत भरल्या तर आत पाणी सुटते आणि तळची रोटी चिकट होते.

दुसऱ्या दिवशी येणारा कडकपणा वेगळा आहे आणि तो केवळ पाणी उडाल्याने येत नाही. फ्रेंच रसायनतज्ज्ञ बुसँगो याने १८५२ साली दाखवून दिले की पाव ओलावा न गमावताही शिळा होतो आणि साधारण ६० अंशांपर्यंत पुन्हा तापवला की बराचसा ताजा होतो. शिजताना विस्कटलेले स्टार्चचे रेणू थंड झाल्यावर पुन्हा एकमेकांना धरून रांगेत बसू लागतात, त्याचा हा परिणाम. ही क्रिया फ्रिजच्या तापमानाला, म्हणजे चार अंशांच्या आसपास, सर्वांत वेगाने होते. म्हणून भाजलेली रोटी फ्रिजमध्ये ठेवणे ही तिच्यासाठी सर्वांत वाईट जागा आहे. न भाजलेले पीठ मात्र फ्रिजमध्ये जरूर ठेवावे, त्याने आंबणे सावकाश होते आणि बारा ते चोवीस तासांत त्याला अधिक खोल चव येते. भाजण्याआधी उंडे तासभर बाहेर काढून ठेवावेत.

त्याच दिवशी संपणार नसलेल्या रोट्या पूर्ण निवल्यावर, प्रत्येकीमध्ये बटर पेपर घालून, हवा काढलेल्या पिशवीत फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. खाण्याच्या वेळी त्या वितळू न देता सरळ तापलेल्या तव्यावर टाकाव्यात, वरून पाण्याचा हलका शिपका द्यावा, मिनिटभर झाकण ठेवावे आणि उलटून दुसरी बाजूही शेकावी. अशी पुन्हा गरम केलेली रोटी लगेच वाढावी, कारण दुसऱ्यांदा निवताना ती पहिल्यापेक्षा लवकर कडक होते.